मदत हवी आहे: स्वस्त ऑप्टिकल चिपची चढाओढ नेमकी कशात आहे?

मंडळी, सिलिकॉन फोटॉनिक्सवर (सिलिकॉन चिपवर विजेऐवजी प्रकाशाने माहिती पाठवायचं तंत्र) टिपण लिहायला घेतलंय आणि गाडं अडलंय. सिलिकॉन स्वतः नीट प्रकाश देत नाही, म्हणून लेसर इंडियम फॉस्फाइड या दुसऱ्या अर्धवाहकाचा लागतो, इथवर ठीक. इंटेलने २००६ मध्ये सांता बार्बराच्या विद्यापीठासोबत हा लेसर सिलिकॉनलाच चिकटवून दाखवला. लक्स्टेरा या चिप कंपनीने मात्र तो वेगळ्या डबीत बसवून वरून प्रकाश चिपमध्ये सोडला. पुढे तिला सिस्कोने विकत घेतलं.

माझा घोळ पुढे आहे. चिपला जोडायच्या ऑप्टिकल फायबरचा गाभा साधारण ९ मायक्रोमीटर, चिपवरची प्रकाशवाट जेमतेम अर्धा. हंड्यातलं पाणी सुईच्या नेढ्यातून ओतायचं म्हणा ना! चिप स्वस्तात छापली तरी ही जुळणी आणि चाचणीच खिसा कापते. मग कंपन्या खऱ्या झगडतायत त्या डिझाइनवर की जोडणीवर? मला तरी जोडणीवर वाटतं.

दुसरं, २०२५ मध्ये एनव्हिडियाने नेटवर्क स्विचच्या चिपशेजारीच ऑप्टिक्स (विजेचे संकेत प्रकाशात बदलणारे भाग) बसवायचं जाहीर केलं, पण लेसर बाहेर ठेवून. हे निव्वळ उष्णतेमुळे, की बिघडलेला लेसर पटकन बदलता यावा म्हणून? पॅकेजिंगमध्ये, म्हणजे चिपच्या या जोडणी-बांधणीत, हात काळे केलेलं कुणी असेल तर जरा सविस्तर सांगा.