कौटुंबिक मासिकात सेलिब्रिटींच्या मुलांचे चेहरे छापावेत का? माझं मत : नाही, आई-वडील हो म्हणाले तरी

खिडकीजवळची

मी कौटुंबिक जीवनशैली मासिकांसाठी कलाकारांच्या आणि खेळाडूंच्या मुलाखती घेते. मत आधी सांगते, मग कारणं. प्रसिद्ध माणसाचं घर दाखवा, संसाराबद्दल विचारा, आई किंवा बाबा झाल्यावर काय बदललं तेही विचारा. पण लहान मुलांचा ओळखू येईल असा फोटो छापू नका. पालकांनी आनंदाने परवानगी दिली असली तरीही.

चोरून काढलेल्या फोटोंबद्दल मी बोलत नाहीये, त्यावर इथे कुणाचं दुमत नसावं. मी बोलतेय ते रीतसर ठरवून, जुळणारे कपडे घालून, सोफ्यावर ओळीने बसवून काढलेल्या फोटोंबद्दल.

हे ठरतं कसं ते बघा. सिनेमा यायच्या दोन-तीन महिने आधी कलाकाराच्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्यांशी बोलणी सुरू होतात. वेळ किती, कोणते प्रश्न नकोत, फोटो आधी दाखवणार का, हे सगळं होतं. आणि मग हमखास येणारं वाक्य : मुलं फोटोत असतील तर कव्हर, नाहीतर आतली चार पानं. म्हणजे त्या घरातलं सगळ्यात लहान माणूस सौद्यात सगळ्यात भारी पडतं, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं.

शूटच्या दिवशी लाइट लागेपर्यंत त्या पोराचे तीनदा कपडे बदलून झालेले असतात. ते रडकुंडीला येतं. मग कुणीतरी मोबाइलवर कार्टून लावून तो लेन्सच्या अगदी वर धरतं, मूल त्याकडे बघून हसतं, आणि छापलेल्या पानावर ते बाबांच्या गळ्यात पडून हसल्यासारखं दिसतं. खाली ओळ असते : 'बाबा घरी आले की आमची दिवाळी!' हे वाक्य त्या मुलाने उच्चारलेलंच नसतं.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारात कलम १६ मुलांच्या खासगीपणाबद्दल आहे. तो हक्क मुलाचा आहे, आई-वडिलांनी कुणाला बहाल करायचा नाही. तुम्हाला काय वाटतं?

लेन्समागे

ताई, तीव्र असहमत. फोटोग्राफर म्हणून बोलतो.

मोबाइलवर कार्टून दाखवून हसवणं हा वाईट फोटोग्राफरचा उद्योग आहे, त्याचं खापर फोटोवर फोडू नका. मी असं शूट करतो तेव्हा पहिला अर्धा तास कॅमेरा बॅगेतून काढत नाही. जमिनीवर बसतो. फ्लॅश नाही, खिडकीतला उजेड आणि ३५ एमएमची लेन्स, म्हणजे मूल आणि पालक दोघं जवळून एका फ्रेममध्ये येतात. मुलाच्या नजरेच्या उंचीवरून फोटो घ्यायचा, वरून नाही. दहा-पंधरा मिनिटं मिळतात. मूल उठून गेलं की शूट संपलं, मागे धावायचं नाही. अशा फोटोत आई मुलाच्या बुटाची नाडी बांधत असते आणि ती कॅमेरा विसरलेली असते. तो क्षण मुलाला वगळून कसा घ्यायचा? आईपणावरच्या लेखात मूलच नसेल तर आपण वाचकाला अर्धवट गोष्ट सांगतोय.

दुसरं म्हणजे, अधिकृत फोटो बाहेर आले की चोरट्या फोटोंचा भाव पडतो. २००८ साली अँजेलिना जोली आणि ब्रॅड पिट यांच्या जुळ्यांचे पहिले फोटो 'पीपल' आणि 'हॅलो!' या मासिकांना दिले गेले. रक्कम सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर असल्याच्या बातम्या होत्या, आणि ते पैसे त्यांच्या धर्मादाय संस्थेकडे गेले. घराबाहेर टपून बसलेल्यांच्या हातातली किंमतच काढून घेण्याचा तो मार्ग होता. मला तो शहाणपणाचा वाटतो.

अंकसज्जा

मासिकाच्या संपादकीय विभागात बरीच वर्षं काढली आहेत. लेन्समागे, तुमची जमिनीवर बसण्याची पद्धत मनापासून आवडली, पण भाव पडण्याचा मुद्दा उलटा आहे. एका मासिकाने करोडो मोजले की बाकीच्यांना कळतं की हा माल करोडोंचा आहे.

नोव्हेंबर २०००मधलं मायकल डग्लस आणि कॅथरीन झीटा-जोन्स यांचं न्यूयॉर्कमधलं लग्न आठवा. 'ओके!' मासिकाशी १० लाख पौंडांचा करार झाला होता. पाहुण्यांना कॅमेरे आणायला बंदी, दारावर तपासणी. तरी एक जण आत घुसला, त्याने लपून फोटो काढले आणि ते स्पर्धक 'हॅलो!'मध्ये छापून आले. करारामुळे बंदोबस्त वाढला, तसा घुसण्याचा मोहही वाढला. पुढे खटला चालला. जोडप्याला भरपाई मिळाली १४,६०० पौंड. 'ओके!'ला मिळाली १० लाखांच्या वर, मधल्या अपिलात ती रद्द झाली, पण २००७मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, ती पुन्हा बहाल केली. म्हणजे नवरा-नवरीच्या मनस्तापाची किंमत एवढीशी आणि मासिकाच्या बुडालेल्या धंद्याची एवढी मोठी. तो खटला मुलांच्या फोटोंचा नव्हता, मान्य. पण खासगी क्षण एकदा विक्रीला काढला की तो कायद्याच्या लेखीसुद्धा माल होतो, हे त्यातून स्पष्ट दिसतं.

प्रसिद्धीवाला

मी त्या 'सौदा करणाऱ्या' बाजूचा माणूस, म्हणून बोलणं भाग आहे.

खिडकीजवळची, तुम्ही चित्र एकाच बाजूने रंगवलंत. कव्हरसाठी मुलांचा आग्रह बहुतेक वेळा मासिकाकडून येतो, आमच्याकडून नाही. आणि आम्ही अटी घालतो : शाळेचं नाव नको, मुलांच्या फोटोवर रिटचिंग नको, फोटो दुसऱ्या कुठल्याही प्रकाशनाला विकायचे नाहीत, अंक गेल्यानंतर मूळ फाइल्स परत. या अटी पाळणारी मासिकं आहेत, त्यांच्याशीच आम्ही पुन्हा काम करतो.

मुख्य मुद्दा असा की ठरवायचं पालकांनी. विराट कोहली आणि अनुष्का शर्मा यांनी २०२१च्या जानेवारीत फोटोग्राफरना लेखी विनंती केली की आमच्या मुलीचे फोटो काढू नका. तो त्यांचा निर्णय. जोली-पिट यांचा वेगळा होता. दोन्ही घरांत मुलांवर सारखंच प्रेम असणार. अशा वेळी एका मासिकाने 'आम्हाला तुमच्या मुलांचं हित तुमच्याहून जास्त कळतं' असं म्हणणं मला उद्धट वाटतं.

कायदेकानू

फक्त दोन नोंदी. कॅलिफोर्नियाने २०१३मध्ये कायदा कडक केला : पालकांच्या पेशामुळे एखाद्या मुलाला त्रास दिला तर वर्षभरापर्यंत कैद आणि पहिल्याच गुन्ह्याला १०,००० डॉलरपर्यंत दंड. हॅली बेरी आणि जेनिफर गार्नर यांनी विधिमंडळाच्या समितीपुढे स्वतः साक्ष दिली होती.

आणि २०१४मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने गायक पॉल वेलर यांच्या तीन मुलांना मिळून १०,००० पौंड भरपाई दिली. कुटुंब रस्त्यावरून चाललं असताना काढलेले फोटो वेबसाइटवर मुलांचे चेहरे न झाकता टाकले होते. मुलांबद्दल आधीच काही गोष्टी लोकांसमोर आल्या आहेत, याकडे प्रकाशकाने बोट दाखवलं. ते चाललं नाही. प्रसिद्धीवाला यांच्या मुद्द्याशी याचा संबंध आहे : पालक प्रसिद्ध असले तरी मुलाचा हक्क वेगळा मोजला जातो.

खिडकीजवळची

प्रसिद्धीवाला, पालकांनी ठरवावं हे मी एरवी शंभर वेळा मान्य करेन. शाळा कोणती, डॉक्टर कोण, हे त्यांनीच ठरवायचं. पण या एका निर्णयात पालकांचा स्वतःचा फायदा गुंतलेला असतो. पुढच्या महिन्यात त्यांचा सिनेमा येतोय. मूल फोटोत असलं तर कव्हर मिळतं, कव्हरने चर्चा होते. त्यांच्या प्रेमावर मी शंका घेत नाही, पण ज्याला लाभ मिळणार तोच संमती देणार, हे बरोबर नाही.

आणखी एक. तेच मूल जाहिरातीत दिसलं तर त्याचा करार होतो, तास ठरतात, मानधन असतं. फ्रान्सने २०२०मध्ये कायदा करून इंटरनेटवरच्या बालकलाकारांची कमाई ते सज्ञान होईपर्यंत राखून ठेवायची सोय केली. आमच्या 'सुखी कुटुंब' पुरवणीत मात्र ते तासन्‌तास काम करतं आणि आपण त्याला काम म्हणतही नाही.

लेन्समागे, तुमच्या हातून चांगलंच होत असेल, पण नियम सगळ्यात चांगल्या फोटोग्राफरला बघून करता येत नाही. १९४१ साली कॅनडातल्या ऑटावात छायाचित्रकार यूसुफ कार्श यांनी चर्चिल यांच्या तोंडातला सिगार सरळ काढून घेतला आणि तो वैतागलेला चेहरा टिपला. अप्रतिम पोर्ट्रेट आहे. पण चर्चिल यांना वैतागता येत होतं, आणि तो वैताग फोटोत उतरला. चार वर्षांचं पोर वैतागलं की आपण 'मूड गेला' म्हणतो, बिस्किट देतो आणि पुढचा फोटो घेतो.

आईपण

मी यातली तज्ज्ञ नाही, नुसती वाचक आहे. पण हा धागा वाचून गप्प राहवलं नाही.

माझ्या मुलीच्या दोन्ही कानांना श्रवणयंत्रं आहेत. ती लहान असताना एका मासिकात एका अभिनेत्रीचा घरातला फोटो आला होता. शेजारी तिचा मुलगा, केस मागे घेतलेले, कानावरचं यंत्र स्वच्छ दिसतंय. लपवलेलं नाही, त्यावर लेखही नाही, नुसतं आहे. माझ्या मुलीने ते पान मागून घेतलं आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. त्याआधी ती केस मोकळे ठेवायचा हट्ट धरायची.

तुमच्या नियमाने तो फोटो छापलाच गेला नसता. डॉक्टरांनी, शिक्षिकेने, मी, सगळ्यांनी सांगून जे झालं नव्हतं ते त्या फोटोने झालं. पाठमोऱ्या मुलाने ते झालं नसतं, चेहराच लागत होता. मुलांना सरसकट पानावरून काढून टाकलंत तर दिसायची गरज असलेली मुलंही त्यात जातील. याचं उत्तर मला हवंय.

लेन्समागे

+१. मला जे नीट मांडता आलं नाही ते यांनी मांडलं.

खिडकीजवळची

आईपण, तुमचा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. याला सोपं उत्तर नाही आणि मी ते देणारही नाही.

एवढं म्हणेन : त्या मुलाला विचारलं असेल, त्याला कळलं असेल आणि तो हो म्हणाला असेल, तर तो फोटो त्याचा स्वतःचा होता. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला 'हा फोटो खूप लोक बघतील, वर्गातले सगळे बघतील, नंतर काढून टाकता येणार नाही' हे समजतं. तेव्हा त्या वयापासून पुढे मुलाला विचारावं, पालक आणि प्रसिद्धीवाले खोलीत नसताना, आणि निवडलेला फोटो दाखवून छपाईआधी पुन्हा एकदा. त्याहून लहान असेल तर चेहरा नको, या मतावर मी ठाम आहे. दोन वर्षांच्या बाळाला यातलं काहीही विचारता येत नाही.

अंकसज्जा

हे मला पटतं, पण अंमलात आणताना काय होतं ते सांगतो. छपाईआधीच्या आठवड्यात मूल 'नको' म्हणालं तर कव्हर बदलावं लागतं. म्हणून मुलाविना घेतलेला तेवढाच ताकदीचा फोटो पहिल्यापासून हातात हवा. तो नसेल तर 'पुन्हा विचारणं' हे नाटक ठरतं, कारण नकार ऐकायची कुणाची तयारीच नसते. आणि असा फोटो मिळतो. गौतम राजाध्यक्षांनी काढलेली पोर्ट्रेट्स बघा, एक चेहरा आणि त्यावरचा प्रकाश, बस. घर, मुलं, सोफा काही लागत नाही.

कौटुंबिक मजकूर तर मुलाखतीतून येतो. 'मुलं काय म्हणतात?' या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर मिळतं. 'रात्री मूल उठलं की कोण उठतं?' असं विचारलं की समोरचा माणूस क्षणभर थांबतो, जोडीदाराकडे बघतो, आणि खरी मुलाखत तिथून सुरू होते.

लेन्समागे

ज्या गोष्टींवर आपलं एकमत होईल त्या तरी लिहून ठेवतो, कारण नवे लोक याकडे लक्ष देत नाहीत. चेहरा झाकला म्हणजे मूल सुरक्षित झालं असं नाही. खिडकीबाहेरची इमारत, फ्रिजवरचं शाळेचं वेळापत्रक, खुर्चीवर टाकलेल्या गणवेशाचं बोधचिन्ह, ट्रॉफीवर कोरलेलं नाव हे सगळं फ्रेममध्ये येतं आणि मोठं करून वाचता येतं. मोबाइलने पडद्यामागचे फोटो काढणारे तर फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांशसुद्धा पाठवून देतात. शूटच्या आधी खोलीत एक फेरी मारायची आणि हे काढायचं. मी मारतो.

बाकी, दोन वर्षांच्या बाळाचा चेहरा कधीच नको हे मला अजून पटलेलं नाही. बापाच्या खांद्यावर झोपलेल्या बाळाच्या फोटोने कुणाचं काय बिघडतं?

प्रसिद्धीवाला

एक शंका. मुलाला एकट्याला विचारायचं म्हणता, पण विचारणार कोण? मुलाखत घेणारी अनोळखी बाई? कुठलेही आई-वडील त्याला तयार होणार नाहीत, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही झालो नसतो. आजी, मावशी, घरातलं कुणीतरी जिचा सिनेमाशी संबंध नाही, अशी व्यक्ती चालेल का? तसं असेल तर पुढच्या करारात ही अट घालायला माझी ना नाही.

खिडकीजवळची

चालेल. मूल ज्या माणसाला बिनधास्त 'नाही' म्हणू शकतं तो माणूस हवा, मी असायलाच हवं असं काही नाही. अटीत दोन गोष्टी घाला : मूल नाही म्हणालं तर कारण विचारायचं नाही, आणि कव्हर त्यावर अवलंबून नसेल हे मासिकाने आधी लिहून द्यायचं. दुसरी अट मान्य करून घेणं जड जाईल, त्यासाठी मी माझ्या बाजूने संपादकांशी बोलते.

लेन्समागे, झोपलेल्या बाळाचं तोंड बापाच्या मानेकडे वळवलेलं असेल तर मलाही तो फोटो हवाय.