शहर आणि 42 गावांचं संयुक्त मंडळ: जागा कुणाला किती?

पाचगावकर: ‘हद्दवाढ होत नसेल तर कोल्हापूर शहर आणि विकास प्राधिकरणातली 42 गावं मिळून एक संयुक्त मंडळ करा, जागा लोकसंख्येवर वाटा.’ कालची ही पोस्ट वाचून डोकं फिरलं. 2011 च्या जनगणनेत शहर साडेपाच लाखाच्या घरात. दहा हजाराच्या गावाला एक जागा दिली तर शहराला 55. मग आम्ही गाववाल्यांनी बैठकीला यायचं ते चहा प्यायला? फ्रान्समध्ये गावं-शहरं अशी मंडळं करतात. तिथं प्रत्येक गावाला किमान एक जागा, आणि कुणालाच निम्म्याहून जास्त नाहीत.

गंगावेशकर: फ्रान्स राहू दे. आपल्या घटनेतच कलम 243 झेडडी आहे. जिल्हा नियोजन समितीत चार-पंचमांश सदस्य निवडून जातात, ते ग्रामीण-शहरी लोकसंख्येच्या प्रमाणात. 1972 ला महापालिका झाली, तेव्हापासून हद्द इंचभर सरकली नाही. बस आमची, रस्ते आमचे, घरफाळा आम्ही भरायचा आणि मत बरोबरीचं?

उचगावचा: बस तुमची म्हणे! शेवटची बस चुकली की बघा. मागच्या महिन्यात आईला दवाखान्यातून आणताना रिक्षावाला म्हणाला, ‘हद्दीबाहेर, परतीचंबी भाडं पडंल.’ आई पायरीवर बसून होती.

तीनचाकी: मी रिक्षाच चालवतोय. रात्री उचगावातनं येताना गिऱ्हाईक मिळतंय व्हय? गॅस काय तुम्ही भरणार?

उचगावचा: आधी मीटर टाका, मग गॅसचं बोला.

तीनचाकी: मीटर टाकला की तुम्हीच म्हणतासा ‘ठरवून सांगा’!

रंकाळाकाठ: अरे विषय काय! पेनरोज नावाच्या माणसाने 1946 मध्ये मांडलंय, मतं लोकसंख्येच्या वर्गमुळावर द्या. शहराचं 741, दहा हजाराच्या गावाचं 100. पंचावन्न पटीचं साडेसात पट होतं.

गंगावेशकर: वा! मग ते गाव मधोमध फोडा. पाच-पाच हजाराची दोन, प्रत्येकी 71, बेरीज 142. एका रात्रीत 42 ची 84 गावं होतील, सरपंचबी डबल.

पाचगावकर: हे मात्र खरं बोललास, चुकून का होईना. म्हणूनच वर्गमूळ नको, फ्रान्सवाली निम्म्याची अट ठेवा.

गंगावेशकर: ठेवा. पण पैशाच्या ठरावाला शहराची संमती लागलीच पाहिजे.

पाचगावकर: मग आमच्या जमिनीवर आरक्षण टाकायच्या ठरावाला त्या गावाची. आहे कबूल?

गंगावेशकर: एकेका गावाची नाही. निम्म्या गावांची म्हणत असाल तर बघू.

तीनचाकी: आणि हद्दीबाहेरचं भाडं कोण ठरवणार, तेबी घ्या की त्यात.