मदत हवी आहे: सेकंडहॅन्ड वॅगन आर घेऊ का? रविवारी पैसे द्यायचेत

अनुजा_क (गुरुवार, रात्री ९:४०)
नमस्कार. एक वॅगन आर बघितली आहे. ३ लाख ४० हजार सांगतायत. ५ हजार विसार देऊन झालाय, बाकीचे रविवारी द्यायचेत. गाडी घरात सगळ्यांना आवडली, आतून एकदम स्वच्छ आहे. किंमत बरोबर आहे का आणि पुढे त्रास देईल का, एवढंच सांगा. ज्यांच्याकडे आहे त्यांनी अनुभव लिहा. जुने धागे वाचत बसायला वेळ नाही, लवकर कळवा प्लीज.

घाटमाथा
साल? किलोमीटर? पेट्रोल की सीएनजी? कितवा मालक? यातलं काहीच लिहिलं नाही भाऊ. किंमत कशाच्या जोरावर सांगायची?

डोंबिवलीकर_७२
माझी २०११ ची आहे, १ लाख १६ हजार झालेत. ८० हजारला क्लचप्लेट बदलली, पुढचे सस्पेन्शनचे बुश एकदा, बॅटरी दर चार वर्षांनी. बाकी तेल-पाणी. आईचे गुडघे गेलेत, तिला या गाडीत वाकून बसावं लागत नाही, उठतानाही कुणाचा हात लागत नाही. याच एका कारणासाठी मी ती विकत नाही. डोळे झाकून घ्या.

टियागो_२०२०
डोळे झाकून कशाला? ग्लोबल एनकॅपच्या (गाड्या आदळून सुरक्षितता तपासणारी संस्था) २०२३ च्या चाचणीत वॅगन आरला १ स्टार मिळाला. टियागोला २०२० मध्ये ४ मिळालेत. तेवढ्याच पैशात जुनी टियागो येते. लहान मुलं असतील तर हा विचार आधी करा.

पाना_नंबर_दहा
ती चाचणी २०१९ ला आलेल्या नव्या बांधणीच्या गाडीची. ताईंची (की दादांची?) कुठल्या सालची तेच अजून माहीत नाही. आधी साल येऊ द्या.

टियागो_२०२०
म्हणजे जुनी बांधणी जास्त मजबूत होती असं म्हणायचंय का? चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या गाडीत ती असेलच असं नाही.

पाना_नंबर_दहा
मजबूत होती असं मी म्हटलेलं नाही. एका गाडीचा निकाल दुसरीला लावू नका, एवढंच. एअरबॅगचा मुद्दा मान्य. स्टिअरिंगवर एसआरएस (एअरबॅगची खूण) लिहिलंय का ते बघून घ्या.

अनुजा_क (शुक्रवार, सकाळी ७:१५)
मी ताई आहे. शाळेत जायची घाई आहे, थोडक्यात लिहिते. २०१७, व्हीएक्सआय, ७८ हजार किमी, दुसरा मालक, दहा पासिंग. पेट्रोल, पण सीएनजी बसवलंय. रोज येऊन-जाऊन ६४ किमी, एसटीच्या वेळा जमत नाहीत म्हणून गाडी. विकणारे सासऱ्यांच्या ओळखीतले आहेत.

सीएनजीच_बरं
मग विचार कसला करताय? रोज ६४ म्हणजे महिन्याला दीड हजारावर किलोमीटर, सीएनजीशिवाय परवडणारच नाही. डिकी जाते, पण शिक्षकाला डिकी लागते कशाला?

घाटमाथा
किट कंपनीचं की बाहेरून बसवलेलं? आरसीवर इंधन काय लिहिलंय ते आजच बघा. नुसतं 'पेट्रोल' असेल तर किटची नोंद झालेली नाही. उद्या काही झालं तर विमा कंपनी त्यावरच बोट ठेवते. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी लागते, तिचा दाखला मागा. माझ्या मेव्हण्याला दाखल्याशिवाय पंपावर गॅस भरून दिला नव्हता.

पुणे_सोलापूर_रोड
सीएनजी नको, मॅन्युअलही नको, ऑटोमॅटिक बघा. ट्रॅफिकमध्ये डावा पाय सुटतो.

लेखा_परीक्षक
ऑटोमॅटिक म्हणजे या बजेटमध्ये एएमटी, म्हणजे मॅन्युअलच गिअरबॉक्स, फक्त क्लच-गिअर यंत्र टाकतं. मी एक घेतली होती, कंपनीचं नाव लिहीत नाही. पाचव्या वर्षी चढावर गिअरच पडेना. क्लच आणि ॲक्चुएटर (तेच गिअर टाकणारं यंत्र) धरून ४१ हजार गेले. जुन्या गाडीत ही जोखीम घेऊ नये.
किमतीबद्दल: २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी सेस धरून २९ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरायलाच हवा. ३ लाखांच्या वर जाऊ नका.

डोंबिवलीकर_७२
अवांतर: ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने कुणाचं ॲव्हरेज पडलंय का? माझं १७ वरून १५ वर आलंय.

पाना_नंबर_दहा
त्याला वेगळा धागा काढा काका.
अनुजाताई, मला एकच विचारायचंय. दहा पासिंग म्हणजे सांगली. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये ही गाडी कुठे उभी होती? तुम्ही 'एकदम स्वच्छ' लिहिलंत, ते वाचल्यापासून डोक्यात हेच आहे. आमच्या गॅरेजला पुरानंतर सहा महिने त्याच गाड्या येत होत्या. सीटकव्हर नवं, कार्पेट धुतलेलं, वास मारायला अत्तर. पण पुराचं पाणी वायरिंगच्या कनेक्टरमध्ये शिरलं की हिरवा गंज धरतो. मग दोन-तीन वर्षांनी कधी काच खाली होत नाही, कधी गाडी चालता चालता बंद पडते, आणि दोष सापडत नाही.
हे करा. चारी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा, धुणारा माणूस तिथपर्यंत जात नाही. सीटखालचे बोल्ट बघा. स्टेपनी काढून तिच्या खळग्यात बोट फिरवा. दिवसा बघा, मोबाइलच्या बॅटरीवर नको.

न्यूजर्सीकर
पानासाहेबांना पूर्ण अनुमोदन. आमच्याकडे ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या राज्यांत विकल्या गेल्या. इथे गाडीच्या नंबरवरून पूर्वेतिहास विकत मिळतो, तरी लोक फसले. तुम्ही निदान अधिकृत सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन जुन्या सर्व्हिसच्या नोंदी मागा.

सीएनजीच_बरं
उगाच घाबरवू नका. सांगलीची प्रत्येक गाडी बुडाली नव्हती.

पाना_नंबर_दहा
नव्हतीच. म्हणून तर बघायला सांगतोय, सोडून द्या म्हणत नाही.

अनुजा_क (शनिवार, दुपारी ३:२०)
आत्ताच जाऊन आले. ड्रायव्हरचा बेल्ट नवा आहे, बदललेला दिसतो. मागचा डावीकडचा मी ओढत ओढत पार शेवटपर्यंत काढला. शेवटची वीतभर पट्टी मातकट आहे, सरळ रेघ पडलीय, आणि ओल्या गोणपाटासारखा वास आला. सीटचे बोल्ट तांबडे झालेत. आरसीवर फक्त पेट्रोल. सासरे शेजारी उभे होते, त्यांनी ती पट्टी हातात धरली आणि काही बोललेच नाहीत. मालक म्हणाले, पार्किंगमध्ये थोडं पाणी आलं होतं, इंजिनला काही झालं नाही. आम्ही विचारलं नसतं तर त्यांनीही सांगितलं नसतं, याचं जास्त वाईट वाटलं.

लेखा_परीक्षक
दोन लाखांत देत असतील तर वायरिंग बदलून...

घाटमाथा
नको. रोज एकटीने ६४ किलोमीटर जायचंय त्यांना. पावसात आडरस्त्याला बंद पडली तर वाचलेले लाख काय कामाचे?

फास्टॅग_मदत
गाडी घेतल्यावर आधीच्या मालकाचा फास्टॅग बंद करून नवा आपल्या नावावर घ्यावा. जुना तसाच वापरू नये.

अनुजा_क (शनिवार, रात्री ८:०५)
घेत नाहीये. सासऱ्यांनी स्वतःच फोन करून विसार परत मागितला. ३ हजार आज मिळाले, उरलेले सोमवारी देतो म्हणालेत. पानादादा, तुमचे उपकार विसरणार नाही. पुढच्या रविवारी कराडला ११ पासिंगची एक बघायची आहे: २०१८, पेट्रोल, ५२ हजार, पहिला मालक. एअरबॅग आहे का ते फोनवर आधीच विचारलं, आहे. कराडजवळ पैसे घेऊन गाडी तपासून देणारा कुणी विश्वासू मेकॅनिक माहीत असेल तर इथेच कळवा.

पाना_नंबर_दहा
रविवारी गॅरेज बंद असतं, मी कराडला येऊ शकतो. पैसे नकोत. गाडी सकाळी थंड असताना बघायची, मालकाला आधी चालू करून ठेवू नका म्हणून सांगा.