मदत हवी आहे: आशा गटप्रवर्तकांच्या कामावरील पीएच.डी.साठी कोणता गुणात्मक आराखडा निवडावा?

नमस्कार.

मी समाजकार्य विषयात पीएच.डी. करते आहे. सिनॉप्सिस (संशोधनाचा प्रस्ताव) लवकरच संशोधन मान्यता समितीपुढे जाणार आहे आणि त्याआधी आराखड्याचा प्रश्न सोडवायचा आहे. संख्यात्मक पाहणी करायची नाही हे नक्की झाले आहे; गुणात्मक पद्धतींपैकी कोणती घ्यावी, यावर मात्र माझे आणि माझ्या मार्गदर्शकांचे अजून एकमत झालेले नाही. संस्थांमध्ये प्रत्यक्ष क्षेत्रकार्य केलेले बरेच जण येथे लिहितात, म्हणून सविस्तर मांडते.

माझा विषय आहे प्राथमिक आरोग्य केंद्रांशी जोडलेल्या आशा गटप्रवर्तकांचे काम. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, त्यातून साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा ही रचना आली. आशा स्वयंसेविका मानल्या जातात आणि त्यांना मुख्यतः कामागणिक मोबदला मिळतो. साधारण वीस ते पंचवीस आशांमागे एक गटप्रवर्तक असते. तिने गावोगावी जाऊन आशांना मार्गदर्शन करायचे, त्यांच्या नोंदी तपासायच्या आणि अहवाल वर पाठवायचा. पण गटप्रवर्तक स्वतःही कायम कर्मचारी नाही. तिला ना कुणाची नेमणूक करता येते, ना कुणावर कारवाई. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यभर झालेल्या संपात देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक आणि ज्यांच्यावर देखरेख होते त्या आशा एकत्र उतरल्या होत्या. हाती अधिकार नसताना देखरेख कशी निभावली जाते, हा माझा मूळ प्रश्न आहे.

प्राथमिक ओळख करून घेण्यासाठी मी एका केंद्रातील आशांच्या मासिक बैठकीला बसले होते. वैद्यकीय अधिकारी आणि आरोग्यसेविका खुर्च्यांवर होत्या, आशाताई सतरंजीवर होत्या आणि गटप्रवर्तक जवळजवळ पूर्ण वेळ कपाटाशेजारी उभ्या होत्या. एका आशाताईंच्या मोबदल्याच्या फॉर्मवर नवजात बाळाच्या गृहभेटींपैकी एकविसाव्या दिवसाच्या भेटीची नोंद नव्हती. गटप्रवर्तकांनी तो फॉर्म गठ्ठ्यातून हळूच बाजूला काढला, बैठक संपल्यावर त्या ताईंना व्हरांड्यात नेऊन भेट खरोखर झाली होती का ते विचारले, डायरीतली तारीख पाहिली आणि मगच रकाना भरून घेतला. नंतर मी त्यांच्याशी बोलले तेव्हा आपल्या कामाविषयी त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘आम्ही काय, फॉर्म तपासतो आणि वर पाठवतो.’’ व्हरांड्यातल्या त्या काही मिनिटांत जे घडले, त्याचा त्यांच्या बोलण्यात मागमूसही नव्हता. मला अभ्यासायचे आहे ते नेमके हेच.

मार्गदर्शकांचा कल फेनॉमेनॉलॉजीकडे आहे. गटप्रवर्तकांचा जगलेला अनुभव, वरून आकड्यांचा तगादा आणि खालून ‘मोबदला कधी जमा होणार’ हा प्रश्न यांमध्ये अडकलेल्या बाईचे भावविश्व समोर यावे, असे त्यांना वाटते, आणि त्यात तथ्य आहे. मला ग्राउंडेड थिअरी, म्हणजे गोळा केलेल्या सामग्रीतूनच सिद्धान्त घडवण्याची पद्धत, आकर्षक वाटते, कारण या विषयावर तयार सिद्धान्त हाताशी नाही. समितीतील एका सदस्यांनी केस स्टडी (मोजक्या ठिकाणांचा सखोल अभ्यास) सुचवली आहे, पण त्याच वेळी ‘दोन-तीन केंद्रांवरून तुम्ही राज्याबद्दल काय सांगणार’ असेही विचारले आहे. या तिन्हींपैकी कोणता आराखडा माझ्या प्रश्नाला न्याय देईल आणि तो निवडताना बाकीचे का सोडले हे समितीला कसे पटवून द्यावे, यासाठी मदत हवी आहे. जिल्ह्याचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

प्रतिसाद १

मी संशोधन पद्धती हा विषय शिकवतो. आपण वर्णन केलेला व्हरांड्यातला प्रसंग मला आराखड्याच्या दृष्टीने निर्णायक वाटतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

फेनॉमेनॉलॉजीत संशोधनाची सामग्री म्हणजे प्रामुख्याने त्या व्यक्तीने आपल्या अनुभवाचे केलेले वर्णन. जे बोलण्यात उतरते त्याच्या तळाशी ती पद्धत फार सुंदरपणे जाते. आपल्याला ज्या गोष्टीचे कुतूहल आहे ती मात्र बोलण्यात उतरतच नाही. करणारीला ती काम म्हणून मोजण्याजोगीही वाटत नाही. शिवाय तिथे गटप्रवर्तक एकट्या नव्हत्या. आशाताई होत्या, फॉर्म होता, डायरी होती, आत खुर्चीवर बसलेले वैद्यकीय अधिकारी होते. हे सगळे वगळून केवळ त्यांचा अनुभव घेतला तर मार्गदर्शकांना हवे असलेले भावविश्व हाती येईल, पण देखरेख कशी निभावली जाते हा आपला प्रश्न अनुत्तरित राहील. ‘कसे वाटते’ आणि ‘कसे निभावले जाते’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि सिनॉप्सिसमध्ये त्यांपैकी एकच मुख्य प्रश्न असायला हवा.

ग्राउंडेड थिअरीचा मोह मला समजतो. ग्लेसर आणि स्ट्राउस या समाजशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये ती मांडली, तीही कॅलिफोर्नियातील रुग्णालयांत मरणासन्न रुग्णांभोवती कर्मचारी आणि नातेवाईक कसे वागतात याचा अभ्यास करताना, त्यामुळे संस्थेतील माणसांना ती परकी नाही. पण तिची एक अट कडक आहे. सामग्री गोळा करणे आणि विश्लेषण करणे एकाच वेळी चालते आणि पुढे कुणाला भेटायचे हे आधीच्या विश्लेषणावरून ठरते. चौथ्या मुलाखतीत काही सापडले तर पाचवी मुलाखत वेगळ्याच तालुक्यात घ्यावी लागू शकते. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडून परवानगी घेताना आपल्याला केंद्रांची यादी आधीच द्यावी लागणार असेल, तर ही मोकळीक मिळणार नाही. मोकळीक नसताना मुलाखतींचे कोडिंग करून, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना अर्थसूचक नावे (कोड) देऊन, त्याला ग्राउंडेड थिअरी म्हणण्याची पद्धत आपल्याकडे बरीच रूढ झाली आहे आणि ती मला अजिबात मान्य नाही. जे झाले त्याला विषयसूत्री विश्लेषण, म्हणजे मुलाखतींतील समान सूत्रे शोधणे, म्हणावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

माझे मत बहुविध (एकाहून अधिक केसच्या) केस स्टडीच्या बाजूने आहे, पण केस म्हणजे काय ते आधी पक्के करा. गटप्रवर्तक ही व्यक्ती आपली केस नसावी. एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्याभोवतीची देखरेखीची साखळी ही एक केस, आणि तिच्या पोटात गटप्रवर्तक, आशा, आरोग्यसेविका हे उपघटक, अशी रचना केली तर निरीक्षण, मुलाखती, फॉर्म, डायऱ्या आणि बैठकांची इतिवृत्ते यांना आपापली जागा मिळते. मार्गदर्शकांना हवा असलेला अनुभवाचा भागही मुलाखतींतून येतोच, फक्त तो एकटा सगळा भार उचलत नाही.

केंद्रे निवडताना ‘प्रातिनिधिक’ हा शब्द सिनॉप्सिसमध्ये येऊ देऊ नका. फरक कशात हवा ते ठरवा. सपाटीवरील केंद्रासाठी ३० हजार लोकसंख्येचा निकष आहे आणि डोंगरी वा आदिवासी भागात २० हजारांचा. डोंगरी भागात माणसे कमी, पण पाडे विखुरलेले आणि अंतरे लांब असतात. सपाटीवर गटप्रवर्तक एका दिवसात चार गावे करू शकत असेल आणि डोंगरात एकच, तर भेटींच्या जागी फोन येतो का, आणि फोनवरची देखरेख व्हरांड्यातल्या देखरेखीइतकी समजूतदार राहते का, हा प्रश्न दोन केंद्रांच्या तुलनेतून विचारता येतो. समितीतील सदस्यांना उत्तर देण्याचा मार्गही इथूनच निघतो: दोन केंद्रांवरून राज्यातील गटप्रवर्तकांचे प्रमाण सांगता येत नाही आणि आपण ते सांगणारही नाही, आपण सांगणार ते हे की अधिकार नसताना देखरेख कोणत्या यंत्रणेने चालते आणि कोणत्या परिस्थितीत ती कोलमडते. हे विश्लेषणात्मक सामान्यीकरण आहे, सांख्यिकीय नव्हे.

निरीक्षणाला जास्तीत जास्त वेळ द्या. अमेरिकेतील हॉथॉर्नच्या कारखान्यात झालेल्या प्रसिद्ध अभ्यासात कामगारांच्या हजारो मुलाखती झाल्या होत्या, तरीही कामगार आपापसांत कामाची मर्यादा कशी ठरवतात आणि ती मोडणाऱ्याला कसे वठणीवर आणतात, हे तपशिलात दिसले ते १९३१-३२ मध्ये, चौदा कामगारांच्या एका खोलीत निरीक्षक रोज बसू लागल्यावर.

प्रतिसाद २

वरील मांडणीशी सहमत आहे. आरोग्य क्षेत्रातील एका स्वयंसेवी संस्थेसाठी मी बरीच वर्षे मुलाखती घेतल्या आहेत, त्यामुळे प्रवेश आणि गोपनीयता याविषयी लिहिते. आराखडा ठरवताना हे मुद्दे शेवटच्या प्रकरणासाठी राखून ठेवू नयेत.

परवानगीचे पत्र जिल्ह्याहून तालुक्याला, तालुक्याहून केंद्राला आणि तिथून गटप्रवर्तकांपर्यंत पोहोचते. ज्या वाटेने चौकशा आणि तपासण्या येतात त्याच वाटेने तुम्ही येता, आणि तुमच्या वहीकडे त्याच नजरेने पाहिले जाते. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ‘हो’ म्हटले म्हणजे आशाताईंनी संमती दिली असे होत नाही. साहेबांनी पाठवलेल्या बाईंना नाही म्हणायची त्यांची हिंमत होणार नाही, हे गृहीत धरूनच संमतीची प्रक्रिया आखा. पहिल्या भेटीत फक्त माहिती द्या, कोणतीही सही घेऊ नका, आणि मुलाखतीची वेळ त्यांनाच ठरवू द्या. मुलाखत केंद्रात घेऊ नका. दार उघडे असते, कुणीतरी रजिस्टर शोधायला आत येते आणि बोलणे तिथेच फिरते.

नाव बदलले की ओळख लपली, हा समज संस्थांच्या अभ्यासात टिकत नाही. एका केंद्राकडे एक किंवा दोनच गटप्रवर्तक असतात. तुमच्या प्रबंधात ‘डोंगरी केंद्रातील गटप्रवर्तक’ एवढे जरी आले, तरी जिल्ह्यातील वाचकांना ती बाई कोण ते लगेच कळेल. तुम्ही वर लिहिलेला फॉर्मचा प्रसंगच घ्या: त्यांनी भेटीची खातरजमा केली होती, तरीही नोंद नंतर भरून घेतली हे वरिष्ठांच्या हाती पडले तर त्रास त्यांनाच होईल. असे प्रसंग कोणत्या केंद्रातले हे न सांगता वेगळ्या प्रकरणात एकत्र मांडता येतील का, आणि छापण्याआधी संबंधित व्यक्तीला ते वाचून दाखवता येतील का, याचा विचार सिनॉप्सिसमध्येच लिहा. नैतिकता समितीही याबद्दल विचारेल आणि तिने विचारलेच पाहिजे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. केस म्हणजे व्यक्ती नव्हे तर केंद्र, या एका बदलाने बरेच काही जागेवर बसले. गोपनीयतेच्या मुद्द्यावरून आता मला दोनऐवजी चार केंद्रे घ्यावीत असे वाटू लागले आहे, म्हणजे प्रत्येक प्रकारची निदान दोन असतील. एक प्रश्न उरतो. समिती मुलाखतींची संख्या विचारणारच आहे. ‘सामग्री संपृक्त होईपर्यंत’, म्हणजे नवे काही मिळणे थांबेपर्यंत, असे लिहिले तर ते पळवाट मानले जाईल, अशी भीती वाटते.

प्रतिसाद १

चार केंद्रे घेण्याचा विचार योग्य आहे, मात्र त्यामुळे प्रत्येक केंद्रातील निरीक्षणाचे दिवस कमी होणार असतील तर तीनवर थांबा.

संख्येबद्दल बारा मुलाखती पुरतात असे सर्रास सांगितले जाते. त्याचा उगम २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखात आहे. पश्चिम आफ्रिकेतील दोन देशांत घेतलेल्या साठ मुलाखती तपासताना बहुतेक कोड पहिल्या बारा मुलाखतींतच मिळाले, असे त्यात दाखवले होते. पण तिथे सगळ्यांना जवळपास सारखेच प्रश्न विचारले होते आणि बोलणाऱ्या स्त्रियांचा गटही बराचसा एकजिनसी होता. आपल्याकडे आशा, गटप्रवर्तक, आरोग्यसेविका आणि वैद्यकीय अधिकारी एकाच साखळीकडे चार बाजूंनी पाहणार आहेत, म्हणून तो आकडा उचलून आणू नका. समितीला पळवाट वाटू नये यासाठी प्रत्येक केंद्रात कोणत्या भूमिकेतील किमान किती जणांशी बोलणार, किती मासिक बैठका आणि किती गावभेटी पाहणार, हा तक्ता द्या. त्याखाली, नवे काही मिळणे थांबले की नाही हे कशावरून ठरवणार ते दोन वाक्यांत लिहा. प्रत्येक केंद्रातून परतल्यावर, पुढच्या केंद्रात जाण्याआधी टिपणे वाचून एक छोटा अंतरिम अहवाल लिहिणार असल्याचेही नमूद करा. तो अहवाल मार्गदर्शकांना नियमित दाखवला, तर अनुभवाचा जो भाग त्यांना महत्त्वाचा वाटतो तो मुलाखतींत पुरेसा येतो आहे की नाही हे त्यांना वेळेतच सांगता येईल.