इलेक्ट्रॉनचा भोवरा बारावीच्या वहीतून काढून टाकावा का?

लोअरपरळी (धागाकर्ता)
भाचीची बारावीची वही चाळत होतो. दादरच्या एका क्लासच्या नोट्स. त्यात लिहिलंय, 'इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरतो, तोच स्पिन. १९२२ साली श्टेर्न-गेर्लाख यांनी स्पिन शोधला.' दोन्ही वाक्यं चूक, आणि दुसरं मला जास्त खुपतं.

१९२२ मध्ये फ्रँकफुर्टला त्यांनी चांदीच्या अणूंचा झोत विषम (एकीकडे जास्त, एकीकडे कमी) चुंबकीय क्षेत्रातून सोडला आणि काचेवर झोत दुभंगलेला दिसला, हे खरं. पण ते तपासत होते ती बोर आणि सोमरफेल्ड या भौतिकशास्त्रज्ञांची कल्पना, की अणूतल्या कक्षा ठरावीक दिशांनाच कलतात. गेर्लाखने तर फोटो लावलेलं पोस्टकार्ड पाठवून बोरचं अभिनंदन केलं! स्पिन आला १९२५ मध्ये, लायडनच्या उलेनबेक आणि गाउडस्मिट यांच्याकडून, तोही वर्णपटाच्या (अणूंच्या प्रकाशातल्या रेषांच्या) कोड्यांतून. चांदीच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनचा कक्षीय कोनीय संवेग (कक्षेत फिरण्याचा जोर) शून्य, म्हणजे ती दुभंग स्पिनचीच, हे उमगेपर्यंत १९२७ उजाडलं.

आणि भोवरा? त्या काळी मानलेल्या आकाराचा इलेक्ट्रॉन स्पिनएवढा कोनीय संवेग मिळवण्याइतका फिरला, तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशाच्या कितीतरी पट होतो, हे ज्येष्ठ भौतिकशास्त्रज्ञ लोरेंट्झने लगेच दाखवलं. चित्र जन्मतःच बाद होतं. तेच शंभर वर्षं फळ्यावर काढतोय आपण. माझ्या मते पुसावं, आणि स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनच्या दोन अवस्था, एवढंच सांगावं.

मुलुंडचे_मास्तर
पुसा खुशाल. पण त्या भोवऱ्याशिवाय स्पिन सापडला असता का, ते आधी सांगा.

१९२५ च्या सुरुवातीला क्रोनिग नावाच्या विशीतल्या पोराने हीच फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनची कल्पना भौतिकशास्त्रज्ञ पाउलीला सांगितली. पाउलीने झटकून टाकली, पोराने छापली नाही. पाउलीला इलेक्ट्रॉनचा 'दुहेरीपणा' ठाऊक होता, पण त्याचं चित्र काढायला त्याचा ठाम नकार. तुमच्यासारखाच! उलेनबेक-गाउडस्मिट यांनी लोरेंट्झचा आक्षेप ऐकून लेख मागे घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांचे गुरू एरेनफेस्ट म्हणाले की तो कधीच पाठवला, तुम्ही तरुण आहात, एखादा वेडेपणा खपून जाईल. पुढे वर्णपटाच्या गणितात दुपटीचा फरक पडत होता, तो १९२६ मध्ये थॉमसने मिटवला. कसा? अक्ष असलेला, फिरणारा इलेक्ट्रॉन धरून, सापेक्षतेचा हिशेब लावून. शुद्ध विचारांच्या माणसाने कल्पना दाबली आणि वेड्या चित्राने तारली, असा हा इतिहास आहे.

लोअरपरळी
मास्तर, शिडीने माळ्यावर चढलो म्हणून शिडी माळ्यावर मांडून ठेवत नाहीत. १९२७ मध्ये त्याच पाउलीने स्पिनच्या मॅट्रिक्स (आकड्यांच्या चौकटी) दिल्या, १९२८ मध्ये डिरॅकच्या इलेक्ट्रॉनसाठीच्या समीकरणातून स्पिन आपोआप बाहेर पडला. कुठेही काही फिरवावं लागलं नाही. ३६० अंश फिरवल्यावर न्यूट्रॉनच्या तरंगफलनाचं (कणाची अवस्था सांगणाऱ्या गणिती सूत्राचं) चिन्ह उलटतं, मूळपदावर यायला ७२० अंश लागतात, हे १९७५ मध्ये प्रयोगात दिसलंय. असा भोवरा दाखवा मला. आणि १९३१ मध्ये रामन-भगवंतम यांनी ज्याच्या स्पिनचा पुरावा मांडला, तो प्रकाशाचा कण, फोटॉन? त्याला वस्तुमानच नाही, त्याला कुठून दोरी गुंडाळणार?

परळ_एमआरआय
आमच्याकडे नवीन आलेल्या टेक्निशियनला पहिल्याच दिवशी डुलणारा भोवराच दाखवतात. दीड टेस्ला चुंबकीय ताकदीच्या मशीनमध्ये शरीरातल्या हायड्रोजनचा प्रोटॉन सेकंदाला सुमारे ६.४ कोटी वेळा डुलतो, रेडिओलहरींच्या पल्सने आडवा होतो, मग सावरतो. एवढ्यावर पोरं उत्तम काम शिकतात. मॅट्रिक्स घेऊन बसलो तर बाहेर पेशंटची रांग थेट स्टेशनपर्यंत जाईल.

लोअरपरळी
तुमच्या मशीनमध्ये असंख्य प्रोटॉनचं मिळून चुंबकत्व डुलतं. त्या बेरजेला भोवऱ्याचा नियम चोख लागू पडतो. एकेका प्रोटॉनला तेच चित्र चिकटवलं की घोटाळा.

कुलाबा_बसथांबा
दोन्ही बाजू एक प्रयोग विसरताहेत. १९१५, आइनस्टाइन आणि द हास. लोखंडाची कांडी टांगायची, तिचं चुंबकन उलटवायचं, कांडी वळते. डोळ्यांना दिसेल अशी वळते. चुंबकत्व आणि कोनीय संवेग यांच्या गुणोत्तराचा त्यांना मिळालेला आकडा कक्षीय हिशेबाला साजेसा होता, पण नंतरच्या मोजमापांनी तो जवळजवळ दुपटीने चुकलेला ठरवला, आणि हा दुपटीचा फरक म्हणजेच स्पिनची खूण. म्हणजे स्पिन हा 'फक्त दोन अवस्थांचा आकडा' नाही, लोअरपरळी. तो खराखुरा कोनीय संवेग आहे, नाहीतर कांडी वळली नसती. तुमच्या भाचीला 'दोन अवस्था' एवढंच सांगितलं तर ती हे कुठून शिकणार?

लोअरपरळी
कोनीय संवेग खरा, हे मान्यच. मी वाद घालतोय गोळा फिरण्याशी.

मुलुंडचे_मास्तर
सत्तर पोरांच्या वर्गात, ३५ मिनिटांच्या तासाला, गोळ्याशिवाय कोनीय संवेग शिकवून दाखवा. मी मागच्या बाकावर येऊन बसतो.

कुलाबा_बसथांबा
टांगलेली कांडी दाखवा ना, मास्तर. गोळा लागत नाही.

मुलुंडचे_मास्तर
आमच्या प्रयोगशाळेत कांडी टांगायला स्टँड मिळाला तरी पुष्कळ! मी भोवराच काढणार. खाली लोरेंट्झचा हिशेबही लिहून देतो, परीक्षेला नसला तरी.