आरव्हीतील उंदीर: शनिवारपूर्वी निर्णय हवा

प्रेषक: साहित्य समिती

स. न. वि. वि.

आपल्या मंडळाची आरव्ही, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली मोठी गाडी, येत्या शनिवारी हिवाळ्यासाठी शहराच्या पूर्वेकडील, गाड्या उभ्या ठेवण्याच्या लॉटवर जाणार आहे आणि लॉटचे फाटक दुपारी दोन वाजता बंद होते. त्यामुळे मे महिन्यात जे घडले त्याची उजळणी न करता थेट मुद्द्यावर येतो. फाटक्या पानाच्या ढोलात तेव्हा वस्त्रमाळेच्या कापसाचे आणि कोजागरीच्या पत्रकांच्या कपट्यांचे जे घरटे सापडले, ते बांधणारे उंदीर कोठून शिरले हे आता कळले आहे. वीजजोडणीची केबल ज्या छोट्या झडपेमागे आपण गुंडाळून ठेवतो, त्या झडपेच्या खाचेवरची पट्टी तुटलेली आहे. शिवाय आतल्या बाजूला, पलंगाखालच्या फळीत केबलसाठी पाडलेले भोक केबलच्या दुपटीने रुंद आहे.

या भोकात काय भरावे याबाबत समितीत एकमत नाही. एक पक्ष स्टील वूलचा (पोलादाच्या बारीक तारांच्या बोळ्याचा) आहे, तर दुसरा डब्यातून फवारल्यावर फुगून घट्ट होणाऱ्या फोमचा. आपापली मते गुरुवारी रात्रीपर्यंत कळवावीत. शनिवारी सकाळी दहा वाजता आमच्या ड्राइव्हवेत तीन जण हवे आहेत आणि त्यांपैकी किमान एकाला गाडीखाली झोपता आले पाहिजे.

कळावे, लोभ असावा.

———

प्रेषक: नाट्य विभाग

भोक कशाने बुजवावे हा साहित्य समितीचा प्रश्न आहे आणि त्यात आम्ही पडत नाही. मात्र नऊवारी, फेटे आणि अंगरखे असलेली ट्रंक आमची आहे. गेल्या वर्षी ती आरव्हीत ठेवण्यास आम्ही विरोध केला होता, हे सभेच्या इतिवृत्तात नोंदलेले आहे. यंदा आम्ही प्रत्येक कपाटात आणि प्रत्येक गादीखाली डांबर गोळ्यांचे एकेक पाकीट उघडून ठेवणार आहोत. सांगलीला माझ्या आजीच्या माजघरात याच गोळ्या असत आणि तिच्या एकाही लुगड्याला उंदराचा दात लागल्याचे मला आठवत नाही.

———

प्रेषक: फार्मसीवाली

नाट्य विभागाच्या दादांना सविनय विरोध करावा लागत आहे. डांबर गोळ्या म्हणजे नॅफ्थलीन किंवा पॅराडायक्लोरोबेन्झीन. ही औषधे कपड्यांना लागणाऱ्या कसरीसाठी आहेत आणि तीही हवाबंद पेटीत वापरायची असतात, कारण पेटीत वाफ साठली तरच कसर मरते. उघड्यावर ठेवलेल्या गोळ्यांनी उंदीर हटतो याला भरवशाचा आधार नाही. ज्या प्रमाणात तो हटेल त्या प्रमाणात माणसालाही त्या गाडीत झोपता येणार नाही. कॅनडात अशी रसायने लेबलावर लिहिलेल्या पद्धतीखेरीज वापरणे कायद्यातही बसत नाही. गाद्यांत आणि भिंतींच्या आवरणात शिरलेला तो वास मे महिन्यापर्यंत तर राहतोच, पुढच्या मे महिन्यापर्यंतही राहू शकतो.

आणखी एक गोष्ट सांगते. बालनाट्याचे अंगरखे याच ट्रंकेत असतात. ज्या मुलांमध्ये जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटू शकतात आणि ही कमतरता भारतीय कुटुंबांत दुर्मीळ नाही. ट्रंक घट्ट बंद होत असेल तर आत मोजक्या गोळ्या पुरचुंडीत बांधून ठेवा. जरीवर थेट ठेवू नका, आणि प्रयोगापूर्वी कपडे आठवडाभर उन्हात व वाऱ्यावर टाकून मग धुवा. कपाटांत आणि गादीखाली मात्र एकही गोळी नको.

आणि दादा, आजींच्या माजघरात मांजर होते का, तेही एकदा कळवावे.

———

प्रेषक: एडमंटनचे काका

मंडळी, मी जुना सभासद म्हणून दोन शब्द लिहितो. आपला अल्बर्टा हा कॅनडातला उंदीरमुक्त प्रांत आहे. १९५० साली शेजारच्या सस्कॅचवान प्रांताच्या सीमेवर पहिले उंदीर दिसले, तेव्हापासून सरकारने पूर्व सीमेवर सुमारे ६०० किलोमीटर लांबीचा पट्टा राखला आहे आणि तेथील शेत न् शेत तपासले जाते. आपल्याकडे उंदीर पाळण्यासही बंदी आहे. असे असताना मंडळाच्या अधिकृत पत्रव्यवहारात "उंदीर" हा शब्द वाचून मी चकित झालो. खरोखर उंदीर दिसला असेल तर तो सरकारला कळवणे आपले कर्तव्य आहे.

———

प्रेषक: शाळा विभाग

काकांच्या पत्रापुरतेच लिहितो. हा घोटाळा आपल्या भाषेचा आहे. इंग्रजीत रॅट आणि माऊस हे वेगळे शब्द आहेत, आपण मात्र दोघांनाही उंदीर म्हणतो. फारच मोठा असला तर त्याला घूस म्हणतो, पण घूस हा पुन्हा तिसराच प्राणी आहे. चिचुंद्री तर कुरतडणाऱ्यांच्या वर्गातही बसत नाही, ती किडे खाते. काकांचा प्रांत मुक्त आहे तो मोठ्या उंदरापासून. ढोलात घर केले ते पिटुकल्या उंदराने आणि त्याच्यापासून अल्बर्टातले एकही धान्याचे शेत मुक्त नाही. रविवारच्या शाळेत मुलांना आम्ही "छोटा उंदीर" असे शिकवतो. त्यावर ती विचारतात की मोठा झाल्यावर तो कोण होतो.

———

प्रेषक: स्टोनी ट्रेलचे अभियंते

मूळ प्रश्न भोकाचा होता, म्हणून तेथे परत येतो. माझा स्वतःचा ट्रेलर अकरा हिवाळे उघड्यावर उभा आहे. पहिल्या चार हिवाळ्यांत मी चुका केल्या, तेव्हा त्या अनुभवावरून लिहितो.

या उंदराला सहा मिलिमीटरची फट पुरते. पेन्सिल जेथे जाते तेथे तोही जातो असे धरून चालावे. त्यामुळे एक भोक सापडले म्हणून समितीने समाधान मानू नये. शुक्रवारी रात्री, अंधार पडल्यावर, आतली सर्व कपाटे, पलंगाखालचे कप्पे आणि ओट्याखालची दारे उघडून तेथे प्रखर दिवे ठेवावेत आणि एकाने बाहेर, गाडीखाली आडवे होऊन पाहावे. जेथून उजेड दिसेल तेथे खडूने खूण करावी. माझ्या ट्रेलरला मी तीन भोके गृहीत धरली होती, प्रत्यक्षात चौदा निघाली. गॅसची नळी गाडी गरम ठेवणाऱ्या भट्टीकडे जाते तेथे, पाण्याचा निचरा होतो तेथे, चाकावरच्या पन्हळीच्या कोपऱ्यात, बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत रबर दुमडते तेथे आणि पोटाखालच्या प्लास्टिकच्या पत्र्यात जेथे कधीकाळी कोणी दुरुस्तीसाठी काप दिला आहे तेथे फटी असतात. तो पत्रा विशेष पाहावा, कारण त्याच्या वर इन्सुलेशन, म्हणजे थंडी अडवणारा मऊ थर, असतो आणि उंदराच्या दृष्टीने ती तयार गादीच असते. मागच्या बंपरच्या पोकळीत सांडपाण्याचा पाइप ठेवतो, तिचे टोपण निघालेले असेल तर तेही लावावे.

आता काय भरावे, यावर येतो. नुसता फोम उंदीर एका रात्रीत पोखरतो. स्टील वूल तो कुरतडत नाही हे खरे, परंतु आपल्याकडे चिनूक हा हिवाळ्यातला उबदार वारा वाहिला की जानेवारीत बर्फ वितळते, स्टील वूल भिजते, गंजते आणि मार्चपर्यंत त्याचा भुगा होतो. शिवाय त्याच्या तारा सुट्या होऊन वीजजोडणीच्या आसपास पडलेल्या मला नको आहेत. तांब्याची किंवा स्टेनलेस स्टीलची जाळी घ्यावी, ती भोकात घट्ट कोंबावी आणि ती जागेवरून हलू नये एवढ्यापुरता वरून फोम किंवा सीलंट लावावा. म्हणजे समितीतले दोन्ही पक्ष अर्धे बरोबर आहेत. झडपेची तुटलेली पट्टी आरव्हीच्या दुकानात थोड्या पैशांत मिळते. तोपर्यंत केबल पूर्ण आत घेऊन खाचेत जाळीचा बोळा बसवावा.

एक इशारा मात्र द्यायचा आहे. भट्टीच्या, पाणी तापवण्याच्या टाकीच्या आणि गॅसवर चालणाऱ्या फ्रिजच्या बाहेरील तोंडांत काहीही कोंबून ठेवू नये. तेथे त्यांच्यासाठीच बनवलेल्या जाळ्या लावाव्यात. तरीही कोणी तात्पुरते काही बसवलेच, तर त्याला लांब लाल फीत बांधून तिचे टोक स्टिअरिंगला लावावे. मे महिन्यात पहिल्या थंड रात्री भट्टी पेटवताना ते आठवेल असे कोणीही गृहीत धरू नये, मीही नाही.

———

प्रेषक: मिल वूड्सची वहिनी

अभियंत्यांचे पत्र वाचून मी दमले, पण पटले. तरीही विचारते की पुदिन्याचे तेल किंवा ते भिंतीतल्या विजेच्या प्लगमध्ये खोचायचे, अतिध्वनीने उंदीर पळवणारे यंत्र पुरत नाही का? आमच्या शेजाऱ्यांकडे तसे यंत्र आहे. विष घालायला माझा विरोध आहे आणि चिकट कागदाला तर फारच. गणपतीचे सामान ज्या गाडीत आहे, तिच्यात त्याच्याच वाहनाला तडफडत ठेवणे मला बरे वाटत नाही. यावर कोणी हसले तरी चालेल.

———

प्रेषक: स्टोनी ट्रेलचे अभियंते

वहिनी, हसण्यासारखे काही नाही. विषाला माझाही विरोध आहे, फक्त कारण वेगळे आहे. विष खाल्लेला उंदीर बाहेर जाऊन मरत नाही. तो भिंतीच्या आत मरतो, हिवाळाभर गोठून राहतो आणि एप्रिलमध्ये कळवतो. बाहेर मेलाच तर त्याला घुबड खाते आणि विष घुबडात जाते. यंत्राबद्दल सांगायचे तर २००१ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशी यंत्रे बनवणाऱ्या व विकणाऱ्या साठाहून अधिक कंपन्यांना, तुमच्या दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा, असे बजावले होते. आणि उभ्या आरव्हीत वीज तरी कोठे असते? पुदिन्याचा वास थोड्याच दिवसांत उडतो. आपला हिवाळा सहा महिन्यांचा आहे.

साधे दाबाचे सापळे भिंतीला काटकोनात, चिमटा भिंतीकडे करून, शेंगदाण्याच्या लोण्याचा ठिपका लावून ठेवावेत. परंतु ते पाहण्यासाठी दर दोन आठवड्यांनी कोणी जाणार असेल तरच. आत उंदीर आला आहे का, एवढे सापळा सांगतो. भोक तो बुजवत नाही.

———

प्रेषक: फराळ समिती

सापळ्यातल्या शेंगदाण्यावरून आठवले. मे महिन्यात सापडलेला चिवड्याचा डबा फराळ समितीचा नव्हता, हे आम्ही तेव्हाही सांगितले होते. आमच्या डब्यांना निळी चिकटपट्टी असते. त्या डब्याला ती नव्हती आणि आमच्या चिवड्यात मनुके नसतात. यंदा आम्ही पोहे, रवा, साखर आणि अक्षतांचा तांदूळसुद्धा घरी नेला आहे. मात्र कागदी नॅपकिन, टॉयलेट रोल, वाती आणि वस्त्रमाळा कोणी काढणार का? त्या खाण्याच्या वस्तू नसल्यामुळे आमच्या यादीत येत नाहीत आणि पूजेच्या सामानाची यादी कोणाकडे आहे हे आम्हाला दोन वर्षांत कळलेले नाही.

———

प्रेषक: फार्मसीवाली

फराळ समितीचा प्रश्न योग्य आहे. घरट्याला लागणारे सर्व साहित्य आपणच पुरवले होते. पूजेची पेटी मी नेते.

मे महिन्यात ज्यांनी लेंड्या व्हॅक्यूमने काढल्या, त्यांना उद्देशून, पण कोणाला दोष न देता, लिहीत आहे. आपल्या प्रेअरीवर, म्हणजे गवताळ मैदानांवर, पांढऱ्या पोटाचा आणि दुरंगी शेपटीचा रानउंदीर असतो. त्याच्या मूत्रातून आणि लेंड्यांतून हंताव्हायरस हा फुप्फुसांवर हल्ला करणारा विषाणू पसरू शकतो आणि तो वाळलेल्या धुळीबरोबर श्वासात जातो. संसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर दर दहा रुग्णांमागे तीन-चार दगावतात. २०१२ साली कॅलिफोर्नियातील योसेमिटी उद्यानात दहा जणांना तो झाला आणि तिघे गेले. त्यांपैकी बहुतेक जण दुहेरी भिंतींच्या तंबूखोल्यांत राहिले होते आणि उंदरांची घरटी त्या दोन भिंतींमधल्या इन्सुलेशनमध्ये होती. पोटाखालच्या पत्र्याबद्दल अभियंत्यांनी जे लिहिले आहे, ते याच दृष्टीने पुन्हा वाचावे.

पुढच्या वेळी प्रथम दारे-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबावे. मग हातमोजे घालून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी ताजे मिसळून लेंड्या पूर्ण भिजवाव्यात, पाच मिनिटे थांबावे आणि कागदाने पुसून घ्यावे. झाडू नाही, व्हॅक्यूम नाही. मुलांना गाडी "उघडायला" न्यायची हौस त्या दिवशी नको.

———

प्रेषक: नाट्य विभाग

ट्रंक घट्ट बंद होत नाही, हे आज तपासल्यावर लक्षात आले. ती हिवाळ्यात माझ्या तळघरात राहील. साहित्य समितीने पोच द्यावी. आजीकडे मांजर होते, दोन होती.

———

प्रेषक: साहित्य समिती

ट्रंकेची पोच दिली असे समजावे. तांब्याच्या जाळीची दोन वेटोळी आज आणली, पावती खजिनदारांकडे पाठवली आहे. सापळे ठेवत नाही, कारण दर दोन आठवड्यांनी लॉटवर जाण्यास आतापर्यंत कोणीही नाव दिलेले नाही. दिव्याची तपासणी शुक्रवारी संध्याकाळी साडेसात वाजता होईल. एडमंटनचे काका त्या दिवशी शहरात आहेत असे कळले, त्यांनी खडू धरावा. गाडीखाली झोपण्यासाठी मात्र अद्याप एकही उत्तर आलेले नाही, आणि माझा गुडघा सर्वांना ठाऊक आहे.