मंत्री होता म्हणून न्यायाधीश नको?

वाटाण्याच्या_अक्षता:
काल इथे एकाने ठोकून दिलं, "पक्षाचा झेंडा खांद्यावर घेतलेल्या माणसाला न्यायासनावर बसवूच नये." डोकं फिरलं. मग न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांचं काय करायचं? केरळात १९५७च्या नंबुद्रिपादांच्या कम्युनिस्ट सरकारात मंत्री, १९६८ला केरळ हायकोर्टात, १९७३ला सुप्रीम कोर्टात. १९४८मध्ये स्वतः तुरुंगात राहून आलेला माणूस. मंत्री असताना तुरुंग खातंही त्यांच्याकडेच. ऊठसूट बेड्या घालण्याविरुद्धचा १९८०चा निकाल कुणाच्या हातून येणार होता?

पुणेरी_पेन्शनर:
वा! आणि बहरुल इस्लाम सोयीस्कर विसरलात. काँग्रेसचे खासदार, १९७२ला गुवाहाटी हायकोर्ट, निवृत्तीनंतर सुप्रीम कोर्ट. डिसेंबर १९८२मध्ये बिहारचे काँग्रेसी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्रांवरचा खटला मागे घ्यायला मान्यता, जानेवारी १९८३मध्ये राजीनामा, त्याच वर्षी पुन्हा राज्यसभा. माझा काल लिहिलेला शब्द न् शब्द कायम आहे.

वाटाण्याच्या_अक्षता:
अच्छा, ते तुम्हीच होय! एका आंब्यावरून अख्खी पेटी फेकायची?

मुलखावेगळी:
अय्यरांचं कौतुक पुरे. इंग्रजी असं की डिक्शनरीलाही घाम फुटावा. आमच्या वाटणीच्या दाव्याचा हायकोर्टाचा निकाल चाळीस पानी, इंग्रजीत. वकिलाने एका शब्दात सांगितला, "हरलो." का हरलो, ते वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही.

बांधावरचा_भाऊ:
ताई, अगदी! तालुक्याला मराठी, मुंबईला गेलं की इंग्रजी. आमची जमीन, आमचं भांडण, आणि नक्कल आणून मास्तरांकडून वाचून घ्यायची.

पुणेरी_पेन्शनर:
कायद्याच्या संज्ञा मराठीत आणून दाखवा आधी.

मुलखावेगळी:
काका, 'कुळ', 'वहिवाट', 'गहाणखत' काय लंडनहून आले? उगाच शहाणपण नको.

पुणेरी_पेन्शनर:
मी कुणाचा काका नाही. मूळ विषयावर या. अलाहाबाद हायकोर्टाने इंदिराबाईंची निवडणूक रद्द केली, त्या निकालाला २४ जून १९७५ला स्थगिती कुणी दिली? तुमच्या अय्यरांनीच ना?

वाटाण्याच्या_अक्षता:
पूर्ण वाचा की! इंदिराबाईंचे वकील पालखीवाला बिनशर्त स्थगिती मागत होते, ती मिळाली नाही. पंतप्रधान राहा, सभागृहात बसा, पण खासदार म्हणून मत नाही, पगार नाही. अय्यरांना सुप्रीम कोर्टात नेमलं कुणाच्या सरकारने? इंदिराबाईंच्याच. मिंधे असते तर सगळं देऊन मोकळे झाले असते. दुसऱ्याच रात्री आणीबाणी आली.

पुणेरी_पेन्शनर:
बरं बाबा, तुमचे अय्यर अपवाद. देव्हाऱ्यात बसवा. बाकीच्यांना पक्ष सोडल्यावर दहा वर्षं तरी कोर्टाची पायरी चढू देऊ नका.

वाटाण्याच्या_अक्षता:
अय्यर १९६५ला निवडणूक हरले, १९६८ला जज झाले. तुमच्या हिशेबात ते घरीच बसले असते.

बांधावरचा_भाऊ:
ते राहू द्या. ताई, त्या चाळीस पानांची नक्कल अजून आहे का? माझा पुतण्या वकिली शिकतोय, मराठीत सांगेल.